हलक्या न्याहाळकांतील देवनागरी प्रदर्शन

हलक्या न्याहाळकांतील देवनागरी प्रदर्शन म्हणजे कमी स्मृती, मंद प्रक्रियक किंवा तुटपुंजी जोडणी असलेल्या उपकरणांसाठी तयार केलेल्या न्याहाळकांत, अर्थात ब्राउझरांत, देवनागरी मजकूर पडद्यावर उमटण्याची क्रिया व तीत उद्भवणारे दोष. रोमन लिपीत संकेत आणि आकृती यांचा संबंध बहुधा एकास एक असतो. देवनागरीत तो तसा नसल्याने संकेतांचे अक्षरांत रूपांतर करणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. न्याहाळक हलका ठेवण्यासाठी ही यंत्रणा वगळली गेल्यास चौकोन दिसणे, जोडाक्षरे फुटणे, ऱ्हस्व वेलांटी सरकणे, रफार न चढणे असे दोष दिसतात. मराठीपुरता विशेष दोष म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या र-काराचा बिघाड. ‘वऱ्हाड’ या प्रदेशनामातच हा र-कार असल्यामुळे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील नावे या विषयाची उत्तम उदाहरणे ठरतात.

लिपी आणि संकेतन

भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आयएस १३१९४ या क्रमांकाने १९९१ मध्ये प्रमाणित केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. देवनागरीला यू+०९०० ते यू+०९७एफ असे १२८ संकेतबिंदू मिळाले असून मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी, कोरकू इत्यादी भाषा हाच विभाग वापरतात. मराठीत ‘ॲप’, ‘ॲसिड’ अशा शब्दांत येणारा ‘ॲ’ या विभागात २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत समाविष्ट झाला. त्यापूर्वीच्या टंकांत या अक्षराच्या जागी चौकोन दिसतो.

युनिकोडमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने नव्हे, तर उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘ति’ लिहिताना हाताने वेलांटी आधी काढली जाते, परंतु संगणकात आधी ‘त’ आणि मग वेलांटी असते. ‘र्या’मधील रफार डोक्यावर दिसत असला, तरी साठवणुकीत र आणि हलन्त चिन्ह ‘य’च्या आधी येतात. जोडाक्षरांना स्वतंत्र संकेत नाहीत. ‘द्य’ हे द, हलन्त आणि य या तीन संकेतांतून घडवावे लागते. ‘विद्यापीठ’ या शब्दात नऊ संकेतबिंदू आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट जागा घेत असल्याने हा शब्द २७ बाइटांचा होतो.

प्रदर्शनाची प्रक्रिया

साठवलेल्या संकेतांपासून वाचनीय अक्षरे तयार होण्याचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. संकेतांची ओळख : पानाची संकेतप्रणाली कोणती आहे, हे न्याहाळक ठरवतो.
२. टंकनिवड : त्या संकेतांच्या आकृत्या असलेला टंक शोधला जातो.
३. अक्षरगट पाडणे : व्यंजन, हलन्त, स्वरचिन्ह आणि अनुस्वार यांचे गट केले जातात.
४. पुनर्क्रमण : ऱ्हस्व वेलांटी गटाच्या आरंभी आणि रफार गटाच्या शेवटी नेला जातो.
५. आकृतिबदल : अर्धी अक्षरे, जोडाक्षरे व विशेष रूपे टंकातील कोष्टकांनुसार बसवली जातात.
६. स्थाननिश्चिती : मात्रा, अनुस्वार, उकार आणि रफार योग्य उंचीवर व अंतरावर ठेवले जातात.

तिसऱ्या टप्प्यापासूनचे काम ‘आकारण यंत्रणा’ करते. विंडोजमधील युनिस्क्राइब आणि मुक्त प्रणालींतील पॅंगो व हार्फबझ ही अशा यंत्रणांची नावे होत. फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही न्याहाळक हार्फबझचा उपयोग करतात. टंक उत्तम असला, पण आकारण यंत्रणा नसली, तर जोडाक्षरे घडत नाहीत. उलट यंत्रणा असूनही टंक नसल्यास केवळ चौकोन दिसतात. ‘मराठी टंक बसवला तरी अक्षरे तुटकीच दिसतात’ या वारंवार येणाऱ्या तक्रारीचे कारण या दोन गोष्टींतील फरकात आहे.

दोषांचे प्रकार

चौकोन : टंकात आकृती नसल्याचे हे चिन्ह होय. संगणकक्षेत्रात अशा चौकोनांना ‘टोफू’ म्हणतात. गूगलच्या ‘नोटो’ या टंकमालिकेचे नाव ‘नो टोफू’ या शब्दांवरून पडले आहे.

निरर्थक चिन्हे : यूटीएफ-८ मजकूर पश्चिम युरोपीय संकेतप्रणालीचा समजून वाचल्यास प्रत्येक देवनागरी संकेताच्या जागी तीन रोमन चिन्हे उमटतात. हा दोष लिपीच्या आधाराशी निगडित नसून पानाची संकेतप्रणाली घोषित न केल्यामुळे अथवा न्याहाळकाने ती न मानल्यामुळे घडतो.

सरकलेली वेलांटी : पुनर्क्रमण न झाल्यास वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटल्यासारखी दिसते. ‘तिवसा’ हे नाव ‘तविसा’ असे, ‘चिखलदरा’ हे ‘चखिलदरा’ असे आणि ‘वाशिम’ हे ‘वाशमि’ असे वाचले जाते.

फुटलेली जोडाक्षरे : आकृतिबदल न झाल्यास प्रत्येक व्यंजन सुटे राहून हलन्त दिसतो. ‘तेल्हारा’ऐवजी ‘तेल्‌हारा’ आणि ‘खंडेश्वर’ऐवजी ‘खंडेश्‌वर’ ही या प्रकाराची उदाहरणे आहेत.

न चढलेला रफार : ‘दर्यापूर’ हे ‘दर्‌यापूर’ आणि ‘मोर्शी’ हे ‘मोर्‌शी’ असे दिसते.

ठिपक्यांचे वर्तुळ : स्वरचिन्हाला आधारव्यंजन न सापडल्यास आकारण यंत्रणा ठिपक्यांचे वर्तुळ दाखवते. मजकुराचा क्रमच चुकीचा असल्याची ही सूचना असते.

कापलेल्या मात्रा आणि तुटलेली शिरोरेषा : ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवल्यास वरचे रफार व अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. शीर्षकांतील अक्षरांत अंतर वाढवण्याची शैली वापरल्यास शिरोरेषा तुटते.

परकी वळणे : मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत, तर अनेक टंकांत मूळ आकृत्या हिंदी वळणाच्या असतात. काही टंकांत दोन्ही रूपे असून पानाची भाषा ‘मराठी’ अशी घोषित केल्यास मराठी रूपे निवडली जातात. ही घोषणा न वाचणारा न्याहाळक हिंदी वळणच दाखवतो. मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे यांविषयी महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी शासननिर्णय काढले आहेत.

वऱ्हाडातील नावे आणि अर्धा र-कार

मराठीत ‘र’ला जोडून ‘य’ किंवा ‘ह’ आल्यास दोन वेगळी रूपे संभवतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ हे रूप ‘आचार्य’ या शब्दाचे, तर ‘आचाऱ्यांना’ हे ‘आचारी’ या शब्दाचे आहे. रफाराने मागील अक्षरावर आघात येतो, अर्ध्या र-काराने तो येत नाही. हिंदीला या भेदाची गरज नसल्याने हिंदी समोर ठेवून तपासलेल्या प्रणालींत हा र-कार दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.

हा र-कार साठवण्याच्या दोन रीती युनिकोडला मान्य आहेत. पहिल्या रीतीत ‘ऱ’ (यू+०९३१) आणि हलन्त वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी) वापरतात. ही रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेली आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द पहिल्या रीतीने सहा आणि दुसऱ्या रीतीने सात संकेतबिंदूंचा होतो. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न आहेत. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही ते एकरूप होत नाहीत. परिणामी एका रीतीने नोंदवलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास साध्या शोधयंत्रणेला सापडत नाही. तिवसा तालुक्यातील ‘कुऱ्हा’ हे गाव, तसेच ‘वऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांसारखी आडनावे या अडचणीच्या कक्षेत येतात.

हलक्या न्याहाळकात जोडक हा अदृश्य संकेत ओळखला न गेल्यास त्याच्या जागी चौकोन उमटतो किंवा तो गाळला जातो. गाळला गेल्यास ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. ‘ऱ’ची आकृती टंकात नसल्यास ‘व’ आणि ‘हाड’ यांच्यामध्ये चौकोन येतो.

अमरावती जिल्ह्यात १४ आणि अकोला जिल्ह्यात सात तालुके आहेत. या २१ तालुकानामांपैकी नांदगाव खंडेश्वर, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, तिवसा, मोर्शी, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, चिखलदरा, तेल्हारा, बार्शीटाकळी आणि मूर्तिजापूर या ११ नावांत जोडाक्षर, रफार किंवा ऱ्हस्व वेलांटी आहे. ‘मूर्तिजापूर’ या नावात रफार आणि वेलांटी एकाच अक्षरगटात येत असल्याने सदोष न्याहाळकात त्याचे रूप सर्वाधिक बिघडते. याउलट अमरावती, अकोला, अकोट, पातूर आणि बाळापूर ही नावे आकारण यंत्रणेशिवायही बहुतांशी वाचता येतात. केवळ अशा नावांवर तपासणी केल्यास न्याहाळक निर्दोष असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

इतिहास

टंकबद्ध मजकुराचा काळ

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे विशिष्ट टंकांवर अवलंबून होती. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसवलेले टंक त्यासाठी वापरले जात. शिवाजी, कृतिदेव आणि सी-डॅकचे योगेश व सुरेख हे त्यांपैकी परिचित टंक होत. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणकीकरणात पायाभूत काम केले. टंकबद्ध पद्धतीत वेलांटी प्रत्यक्ष दिसण्याच्या क्रमाने टंकित होत असे व अर्धी अक्षरे स्वतंत्र आकृत्या म्हणून उपलब्ध असत. त्यामुळे आकारण यंत्रणा नसलेल्या अत्यंत साध्या न्याहाळकातही, टंक हाती असल्यास, मजकूर नीट दिसे. मात्र टंक नसल्यास पान रोमन अक्षरांच्या अर्थहीन ओळींनी भरे आणि असा मजकूर शोधयंत्रांना अगम्य राही.

टंक पानासोबत पाठवण्याच्या गतिशील पद्धती १९९७ च्या सुमारास नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ या न्याहाळकांत आल्या. दोन्ही पद्धती परस्परांशी जुळणाऱ्या नव्हत्या. परिणामी एका न्याहाळकात वाचता येणारे पान दुसऱ्यात वाचता येत नसे.

युनिकोडचा स्वीकार

विंडोज २००० मध्ये देवनागरीचा आधार आणि ‘मंगल’ हा टंक उपलब्ध झाला. मंगलचे आरेखन प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केले. विंडोज एक्सपीमध्ये गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार आरंभी बंद असे. नियंत्रण कक्षातील भाषाविषयक पर्याय निवडून, बहुधा मूळ चकती घालून, तो बसवावा लागे. विंडोज व्हिस्टापासून ही पायरी उरली नाही. मुक्त प्रणालींसाठी रेड हॅटने ‘लोहित’ टंकमालिका उपलब्ध करून दिली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे याच संक्रमणकाळात झाला. भारत सरकारने २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून स्वीकारले.

भ्रमणध्वनी

हलक्या न्याहाळकांचा सर्वाधिक प्रसार भ्रमणध्वनीवर झाला. ऑपेरा मिनी हा न्याहाळक २००६ मध्ये जगभर उपलब्ध झाला. त्यात पानाची मांडणी दूरच्या सर्व्हरवर होऊन आकुंचित रूप दूरध्वनीकडे येत असे. जावा प्रणालीच्या साध्या संचांत देवनागरी टंक नसल्यास मराठी पानांवर चौकोन दिसत. पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे रोमन लिपीत लिहून उघडणाऱ्या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप टंक वापरण्याचा पर्याय होता. तो निवडल्यावर सर्व्हर देवनागरी मजकुराचे चित्र करून पाठवत असे. संचात लिपीचा कोणताही आधार नसताना मराठी वाचण्याचा हा मार्ग लोकप्रिय झाला. चित्रामुळे विदेचा व्यय वाढे आणि मजकुराची नक्कल करता येत नसे, या त्याच्या मर्यादा होत्या.

अँड्रॉइडच्या २.x आवृत्त्यांत देवनागरीचा आधार सर्वसाधारणपणे नव्हता. काही उत्पादकांनी तो आपल्या संचांत स्वतंत्रपणे जोडला होता. २०११-१२ नंतरच्या ४.x आवृत्त्यांत परिस्थिती सुधारली. भ्रमणध्वनी संचांवर भारतीय भाषांतील मजकूर वाचता यावा, यासाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक २०१६ मध्ये प्रसिद्ध केले.

संगणकांवरील हलके न्याहाळक

लिंक्स हा मजकूरप्रधान न्याहाळक १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात तयार झाला. त्यात अक्षरे उमटवण्याचे काम टर्मिनल करतो. टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर असल्याने देवनागरी अक्षरगट त्यात नीट बसत नाहीत. डिलो हा १९९९ मध्ये सुरू झालेला न्याहाळक अल्प स्मृतीत चालतो. २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात यूटीएफ-८ वाचण्याची क्षमता आली. परंतु तो ज्या एफएलटीके या साधनसंचावर उभा आहे, त्याच्या मूळ मांडणीत आकारण यंत्रणा नसल्याने संकेत ओळखूनही जोडाक्षरे जुळत नाहीत. नेटसर्फ या न्याहाळकात प्रदर्शन कोणत्या बांधणीचे आहे यावर अवलंबून असते. जीटीके बांधणीत पॅंगोचे साहाय्य मिळते, तर थेट पडद्यावर चित्रण करणाऱ्या बांधणीत ते मिळत नाही. ‘युनिकोडचा आधार आहे’ हे विधान म्हणूनच देवनागरीसाठी अपुरे ठरते.

परिणाम

सदोष प्रदर्शनाचा पहिला परिणाम वाचनावर होतो. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या क्षेत्रातील मजकुरात पीक, कीड, औषध आणि प्रमाण यांचा नेमका उल्लेख महत्त्वाचा असतो. ‘मिली’, ‘किलो’, ‘प्रति लिटर’ या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी असल्याने सदोष न्याहाळकात नेमके मापदर्शक शब्दच बिघडतात.

दुसरा परिणाम साठवलेल्या मजकुरावर होतो आणि तो अधिक गंभीर आहे. प्रदर्शन चुकले तरी मूळ मजकूर शाबूत असतो. परंतु सदोष पडद्यावर लिहिणारी व्यक्ती शब्द नीट दिसावा म्हणून वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित करते. त्या पडद्यावर ‘तिवसा’ बरोबर दिसते, पण साठवणुकीत क्रम उलटलेला असतो. हाच मजकूर पुढे निर्दोष न्याहाळकात उघडल्यास ठिपक्यांचे वर्तुळ दिसते आणि तो शोधातही सापडत नाही. गावे, व्यक्ती आणि शेतजमिनी यांच्या नोंदी नावावरून शोधल्या जात असल्याने एका पडद्यापुरती केलेली ही तडजोड नोंदीत कायम राहते.

तिसरा परिणाम अल्पसाधन भाषा व लिप्यांवर होतो. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा देवनागरीत लिहिली जाते. देवनागरीचे दोष तिलाही लागू होतात. जुन्या दस्तऐवजांची मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत समाविष्ट झाली. तिचे संकेत पहिल्या ६५,५३६ संकेतबिंदूंच्या बाहेर असल्याने तेवढेच संकेत हाताळणाऱ्या जुन्या प्रणालींत ती उमटत नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र असून मराठी भाषा विद्यापीठाचे ठिकाण आहे. या पंथाच्या पोथ्यांसाठी वापरलेल्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र विभाग नाही. त्यामुळे न्याहाळक कितीही सक्षम असला, तरी या पोथ्या मूळ लिपीत मजकूर म्हणून दाखवता येत नाहीत. छायाचित्र किंवा देवनागरी लिप्यंतर हेच पर्याय उरतात.

उपाय

वाचकाच्या बाजूने :
• देवनागरी टंक बसवलेला आहे काय, हे प्रथम पाहावे. नोटो, लोहित, मुक्त आणि शोभिका हे विनामूल्य उपलब्ध टंक आहेत.
• चौकोन दिसत असल्यास टंक बदलावा. अक्षरे तुटक दिसत असल्यास न्याहाळक किंवा त्याची बांधणी बदलावी.
• सदोष पडद्यावर शब्द ‘नीट दिसेपर्यंत’ टंकित करू नये. उच्चाराचा क्रम पाळावा.
• इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ हे अक्षर शिफ्टसह ‘जे’ कळीवर आणि हलन्त ‘डी’ कळीवर आहे. त्यापुढे ‘य’ किंवा ‘ह’ दिल्यास अर्धा र-कार मिळतो.

संकेतस्थळाच्या बाजूने :
• पानाची संकेतप्रणाली यूटीएफ-८ आणि भाषा मराठी असल्याचे घोषित करावे.
• पानासोबत टंक पाठवताना त्याचा आकार मर्यादित ठेवावा. विकिपीडियावरही पानासोबत टंक पाठवण्याची सोय करण्यात आली होती. पाने उघडण्याचा वेग मंदावत असल्याने ती पुढे सर्वांसाठी आपोआप चालू ठेवली गेली नाही.
• देवनागरी शीर्षकांत अक्षरांमधील अंतर वाढवू नये व ओळींची उंची पुरेशी ठेवावी.
• मजकुराऐवजी चित्र वापरू नये. चित्रातील मजकूर शोधात येत नाही आणि दृष्टिबाधितांच्या पडदावाचकाला वाचता येत नाही.
• शोधयंत्रणेत अर्ध्या र-काराच्या दोन्ही रीती समान मानाव्यात.

तपासणीसाठी शब्द

एखाद्या न्याहाळकाची देवनागरी क्षमता पुढील शब्दांनी थोडक्यात तपासता येते. ‘तिवसा’ या शब्दाने पुनर्क्रमण, ‘दर्यापूर’ने रफार, ‘तेल्हारा’ने अर्धे अक्षर, ‘रिद्धपूर’ने जोडाक्षर, ‘मूर्तिजापूर’ने रफार व वेलांटी यांचा संयोग, ‘वऱ्हाड’ने अर्धा र-कार आणि ‘ॲसिड’ने टंकाची अद्ययावतता कळते. हे सातही शब्द नीट उमटल्यास मराठी मजकुराच्या मुख्य गरजा तो न्याहाळक भागवतो असे मानता येते.

हे सुद्धा पहा

देवनागरी
युनिकोड
इन्स्क्रिप्ट
मोडी लिपी
वऱ्हाड
कोरकू भाषा
रिद्धपूर